भट्टीवरचा आवश्यक माणूस

माझा मामा लेस पास्को देवभोळा, चॅपलमध्ये पहिल्या बाकावर बसून खड्या आवाजात गाणारा. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या आमच्या गावात त्याची बेकरी होती. उभ्या आयुष्यात तो एकदाच खोटं बोलला, आणि तेही माझ्यासाठी.

बेचाळीस साली जपानी न्यू गिनीत उतरले आणि सरकारनं अख्खा देश लढाईला जुंपला. बायका कारखान्यांत गेल्या, चहा-साखर कूपनांवर आली, पावाचेही गल्लीवार वाटे झाले. एका रस्त्यावर दोन बेकऱ्यांच्या घोडागाड्या फिरणं म्हणजे माणसं वाया घालवणं, असं सरकारचं म्हणणं. आमची अर्धी गिऱ्हाइकं गेली, तसा अ‍ॅडलेडहून सरकारी फॉर्म आला: दोन तरुण कामगारांपैकी एकच ठेवता येईल, दुसऱ्यानं सैन्यात जायचं; जो आवश्यक त्याचं नाव मालकानं लिहावं.

एक मी आणि दुसरा क्लॅरी ट्रेविन. पीठ त्याच्या हाताचं ऐकायचं. मांस-बटाटा भरून भाजलेल्या पेस्टीच्या कोपऱ्यावर खाणाऱ्याच्या नावाचं अक्षर तो इतकं सुबक काढायचा, की म्हाताऱ्या बायकांना ते टोक खाववत नसे. घरी बायको डल्सी आणि दोन वर्षांची मुलगी. मी बावीस वर्षांचा सडाफटिंग. माझे पाव खाली करपलेले, आत कच्चे. डोळे मिटून कुणीही क्लॅरीचं नाव लिहिलं असतं. पण माझी आई तीन दिवस मामाच्या स्वयंपाकघरात रडत बसली. चौथ्या दिवशी मामानं माझं नाव लिहिलं. मी शेजारी उभा राहून ते पाहिलं आणि गप्प बसलो. मला जगायचं होतं, दुसरं काही कारण नाही.

निवड अ‍ॅडलेडच्या साहेबांनी केली, असं मामानं क्लॅरीला सांगितलं. क्लॅरीनं उलट त्याचीच समजूत घातली.

"असू द्या मालक. तेवढं या रेग ठोंब्याला मीठ किती घालायचं ते शिकवा," म्हणाला, आणि माझ्या पाठीत धपाटा घातला.

जानेवारीत तो न्यू गिनीत मारला गेला. तार पाद्र्यानं डल्सीला नेऊन दिली. महिन्याभरात डल्सी आमच्या भट्टीवर कामाला आली, आणि तिनंच मला पीठ मळायला शिकवलं. मामा तिचं कुंपण दुरुस्त करायचा, तिची लाकडं फोडायचा. चॅपलमधलं गाणं मात्र त्यानं सोडलं. घसा बसलाय म्हणायचा. अडीच वर्षं कुणाचा घसा बसतो?

जपान शरण आला त्या दिवशी सगळं गाव बँडमागे रस्त्यावर होतं. आम्ही तिघं भट्टीवरच. लढाई जिंकली तरी उद्या पाव लागतोच. मामानं एकाएकी टोपी काढली.

"डल्सी, अ‍ॅडलेडनं नाही निवडलं. मी निवडलं."

ती मळतच राहिली.

"रेगला आवश्यक ठरवणारे साहेब अ‍ॅडलेडमध्ये असते, तर ही लढाई आपण कधीच हरलो असतो," ती म्हणाली. "इथं आले त्या दिवशी याचे पाव पाहिले, तेव्हाच कळलं मला. माफी मागू नका मालक, ती मला देता यायची नाही. पण तुम्ही बोललात."

मग हात थांबवून तिनं माझ्याकडे पाहिलं. मलाही पहिल्यापासून सगळं ठाऊक होतं, एवढं एकच वाक्य मी बोलायचं होतं.

"भट्टीची आच उतरायला लागलीय," मी म्हणालो, आणि पावांचा ट्रे तिच्यापुढे सरकवला.