नंदूकाकांची वायरींची पेटी

चार माणसं दर रविवारी सकाळी एका खोलीत बसून काही शिकायला लागली, की शिकणं होतं चमचाभर आणि किस्से होतात घमेलंभर. परवा बायकोनं विचारलंच, "तुम्ही तिकडे वाजवायला जाता की खिदळायला?"

रत्नागिरीत पेटी म्हटलं की एक तर आंब्याची, नाही तर भजनाची. आमची तिसरीच. नंदूकाका आयुष्यभर बोटीवर इलेक्ट्रिकल ऑफिसर होते. शेवटच्या फेरीहून येताना ते मॉड्युलर सिंथेसायझर नावाचं विजेवर चालणारं वाद्य घेऊन आले. पेटी आहे, पण पट्ट्या नाहीत. नुसते ओळीनं बसवलेले भाग, प्रत्येकावर नॉब आणि भोकं. कुठल्या भोकातली वायर कुठल्या भोकात घालायची ते आपण ठरवायचं, तेव्हा कुठे आवाज येणार. हे कोडं सोडवायला आम्ही चौघं. नंदूकाका, टेलिफोन एक्स्चेंजमधून रिटायर झालेल्या शालिनीताई, हार्मोनियम दुरुस्त करणारे भाऊ आणि झेरॉक्सचं दुकान चालवणारा मी.

*

पहिल्या रविवारी दोन तास खटपट केली. दिवे लुकलुकताहेत, आवाज शून्य! नंदूकाकांनी मॅन्युअल उलटंपालटं केलं, भाऊंनी पेटीला कान लावला. शालिनीताई मात्र डबा उघडून सगळ्यांना खांडवी वाढत होत्या. वाढता वाढता त्यांनी वाकून एक वायर या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटानं चाचपली.

"काका, ही वायर इथून बाहेर पडते ना?"

"हो. आउटपुट."

"आणि जाते कुठे?"

"त्या... आउटपुटमध्ये."

"अहो, दोघंही बोलताहेत. ऐकतोय कोण?"

*

त्यात एन्व्हलप नावाचा एक भाग आहे. त्याला चार नॉब. अटॅक, डिके, सस्टेन, रिलीज. सूर कसा यावा, कसा टिकावा, कसा जावा ते हे चौघं ठरवतात. नंदूकाकांनी फळ्यावर आलेख काढून समजावलं. मला ओ की ठो कळलं नाही. भाऊ म्हणाले, "सोप्पं आहे रे! अटॅक म्हणजे चाकरमानी गणपतीला येतो ना, तो रिक्षातून उतरतानाचा गलका. डिके म्हणजे दुसऱ्या दिवशी कौतुक ओसरतं ते. सस्टेन म्हणजे त्याचा मुक्काम."

"आणि रिलीज?"

"'येतो हां' म्हटल्यापासून अंगणाचं बेडं ओलांडून पाऊल बाहेर पडेपर्यंतचा वेळ!"

शालिनीताई म्हणाल्या, "मग आमच्या भावोजींचा रिलीज फुल्ल आहे!"

*

एकदा मी सूर हळूहळू वर-खाली करणारा भाग सुराला जोडला आणि नॉब जरा जास्तच फिरवला. स्पीकर नेमका खिडकीत आणि आवाज थेट सायरनचा! खाली गल्लीत एकदम धावपळ. पाहतो तर पाच मिनिटांत रस्त्यावरच्या सगळ्या स्कूटर, बाइक गायब. लोकांना वाटलं, गाड्या उचलणारे आले!

समोरच्या वहिनींच्या मुलीचं लग्न होतं पुढच्या आठवड्यात. त्या वर येऊन म्हणाल्या, "भावोजी, वऱ्हाडाची बस यायची आहे. सकाळी नऊला तेवढं वाजवाल का?"

*

पुण्याहून एक तज्ज्ञ आले होते. नंदूकाकांच्या ओळखीतले. आमची जोडणी बघून त्यांनी डोक्याला हात लावला.

"हे असं जोडतच नाहीत."

"पण वाजतंय ना?" भाऊंनी विचारलं.

"वाजतंय, पण चुकीचं वाजतंय!"

मग त्यांनी सगळ्या वायरी उपटल्या. तासभर शास्त्रशुद्ध जोडणी केली. बटण दाबलं. हूं की चूं नाही! भाऊंनी चष्मा पुसला, परत चढवला, पेटी नीट न्याहाळली आणि म्हणाले,

"हां. आता बरोबर बंद आहे."

*

मग एका हौशी नाटक मंडळाचं काम आलं. त्यांना समुद्र हवा होता. स्टेशन न लागलेल्या रेडिओसारखा खरखराट घ्यायचा, तो फिल्टरमध्ये सोडायचा आणि फिल्टर सावकाश उघडझाप करायचा, की लाट. म्हणायला सोपं! तीन रविवार गेले. दिग्दर्शक मास्तर राहायला भाट्याला, घरासमोरच समुद्र. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "हा समुद्र नव्हे. हा कुकर आहे."

मी चिडलो. दुसऱ्या दिवशी भाट्याला गेलो, खरा समुद्र मोबाइलवर रेकॉर्ड केला आणि काही न सांगता मास्तरांना ऐकवला.

"छे! हा तर त्याहून बोगस!"

"मास्तर, हा तुमच्याच अंगणातून घेतलाय."

मास्तर म्हणाले,

"असं कर. मशीनचाच घे."

*

त्याच नाटकात काम करणाऱ्या मुलीचे आजोबा, हरबा तांडेल, एकदा तालमीला आले. उभा जन्म होडीवर गेलेला. ऐंशीच्या पुढचं वय, हाताची बोटं दोरखंडासारखी. आमचा समुद्र सुरू होता. ते स्पीकरसमोर खाली बसले आणि ऐकत राहिले. आम्हाला धाकधूक. आता हेही कुकर म्हणतात की काय!

मग त्यांनी विचारलं, "ह्यो बंद होतो?"

नंदूकाका म्हणाले, "होतो की. हा नॉब."

"मी करू?"

"करा ना."

त्यांनी नॉब डावीकडे फिरवला. समुद्र थांबला. उजवीकडे फिरवला. समुद्र सुरू. परत डावीकडे. थांबला. असं पाच-सहा वेळा. स्टेजवरची तालीम थांबली, सगळे बघत राहिले. म्हातारबा खुदूखुदू हसायला लागले, हसता हसता डोळे पुसायला लागले.

"साठ वर्सं ह्याच्या पुढ्यात हात जोडलं," ते म्हणाले. "एकदा पन माझं आयकलान नाय. आज आयकलान!"