काडीमोडीची वही

हिलाल सरांवर माझा पहिल्या दिवसापासून संशय होता आणि तो मी लपवलाही नाही. जळगावला कॉलेजात हिंदू कायदा शिकवणारा माणूस दर रविवारी लुना दामटत पाचोऱ्याकडच्या आमच्या खेड्यात येतो, पारावर म्हाताऱ्यांत बसतो आणि विचारतो काय, तर तुमच्यात नवराबायकोची काडीमोड कशी होते. काडी तुरीची का कपाशीची? मोडायची कुणी? पंच किती? अरे बाबा, मास्तर आहेस तर पोरांना शिकव ना.

हे शहाऐंशी सालचं. सर फैजपूरकडचे, केळीवाल्यांच्या घरातले. शर्टाच्या खिशाला कायम शाईचा डाग, बगलेत जाडजूड वही. कॉलेजातली पोरं त्यांना 'काडीसर' म्हणत. त्यांचं म्हणणं असं, की जातीत काडीमोडीची चाल असेल तर कायदा ती मानतो, पण चाल आहे हे कोर्टात दाखवायला कुणाकडे काही लिहिलेलं नसतं. "उद्या एखाद्या बाईला लागेल, म्हणून लिहून ठेवतो," म्हणत. मला ते पटेना. फुकट कुणी चिमूटभर मीठ देत नाही.

माझी भीती खरी वेगळीच होती. माझी थोरली बहीण झुंबरअक्का हिचा पहिला नवरा धुळ्याचा. तो नांदवेना, म्हणून पंचांसमोर काडी मोडली, फारकतीचा कागद झाला, मग अक्कानं आमच्याच गावच्या सुपडूशी पाट लावला. दोघांचं छान चाललं होतं. आणि आता हा वहीवाला. धुळ्यावाल्यानंच धाडला असणार, जुनं लग्न उकरून अक्कावर हक्क सांगायला, मी मनाशी ठरवून टाकलं.

सर अक्काच्या अंगणात आले तेव्हा मी आधीच जाऊन उभा होतो. मी पढवलं होतं तसं अक्का खाली बघून म्हणाली, "मन्हं पहिलंच लगीन शे."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. "तोतारामभाऊ, सुकदेवनाना पंच होते ना? ते तर म्हणाले, काडीमोड झाली होती."

"नाना म्हातारा शे, काहीबी बोलस," मी म्हणालो. "लिखी घ्या, काडीमोड झायी नही."

सरांनी तसंच लिहून घेतलं.

तेवढ्यानं माझं समाधान होईना. फारकतीचा कागद पेटीत होता, पेटी कुणीही उघडेल. मी तो काढला, फडक्यात बांधून कुडाच्या भिंतीत खुपसला आणि वरून शेणमातीनं लिंपून टाकलं. फार हुशारी केली असं वाटलं मला.

त्र्याण्णवमध्ये सुपडू गेला. तेरावा झाला नाही तोच त्याचा भाऊ पुना दारात उभा. म्हणे, ही बाई अजून धुळ्यावाल्याची बायको, पाट खोटा, घर सोड, वावर सोड. प्रकरण कोर्टात गेलं. मी भिंत फोडली, तर कागद उधईनं खाल्लेला, जागी नुसती माती. पंचांपैकी दोघं वारलेले, सुकदेवनानांची वाचा गेलेली. वकील म्हणाले, काहीतरी लेखी आणा. तेव्हा मला काडीसर आठवले. लाज गिळली आणि अक्काला घेऊन जळगाव गाठलं.

अक्का पायरीवरच टेकली. सर मला आत घेऊन गेले. एका शब्दानं टोमणा मारला नाही. वही काढली, एकतीस बायकांची नावं दाखवली. "तुमच्यात चाल आहे, हे मी कोर्टात येऊन सांगेन," म्हणाले. मग एक पान उलटलं आणि वही माझ्याकडे सरकवली. झुंबरबाई. भाऊ तोताराम सांगतात, काडीमोड झाली नाही. खाली तारीख.

पुनाला हवं तेच, तेही माझ्याच तोंडचं. "सर, हे एवढं पान फाडा," मी म्हणालो.

"एक फाडलं तर बाकीच्या तीस जणींच्या पानांवर कोण विश्वास ठेवील?" सर म्हणाले. मग बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मी तेव्हा पारावर त्यांच्याकडे बघायचो, अगदी तसंच. "तोतारामभाऊ, तुम्ही खोटं तेव्हा बोललात का आज बोलताय?"

मी शपथा घेतल्या. त्यांनी वही मिटली.

बाहेर आलो. अक्का पदर सावरून उठली.

"सापडनं का रे मन्हं नाव?"

"सापडनं," मी म्हणालो.