थंड इंजिन आणि केळीच्या रंगाची गाडी

केळीचा चीक (घड कापल्यावर गळतो तो रस) कपड्याला लागला की जात नाही. ओला असताना पाण्यासारखा दिसतो, वाळला की काळा पडतो. माझी माय अर्धापूरच्या एका वखारीवर केळीचे घड धुवायची आणि आमच्या घरातल्या एकूण एक कपड्यावर ते काळे डाग असायचे. बारावीच्या परीक्षेला घेतलेली ओढणीसुद्धा डागांची. अण्णा, म्हणजे माझे वडील, तीच केळी दुसऱ्याच्या ट्रकमधून दिल्लीकडे न्यायचे. तीस वर्षं नेली. फेरीहून आले की ट्रक आमच्या पत्र्याच्या खोलीसमोर उभा राहायचा आणि खोलीपेक्षा मोठा दिसायचा. उन्हाळ्यात पत्र्याखाली बसवत नसे, म्हणून मी ट्रकखाली पोतं टाकून अभ्यास करायची. येणारा-जाणारा विचारायचा, "काय ड्रायव्हर, कोणाची गाडी?" अण्णा मालकाचं नाव सांगायचे. दर दोन-चार वर्षांनी नाव बदलायचं, प्रश्न तोच.

त्या ट्रकखाली शिकून मी इंजिनियर झाले. आमच्या खानदानात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे सांगताना मी लाजत नाही. आता नांदेडच्या एका कॉलेजात पोरांना इंजिन शिकवते. नऊ वर्षं पगारातून बाजूला टाकत गेले. लोकांना वाटलं प्लॉट घेईल. मला हवी होती स्पोर्ट्स कार.

ती सापडली लातूरला. जर्मन बनावटीची, दोन दारांची, दोनच सीटची, सहा वर्षं वापरलेली. फोटो बघून मी स्टाफरूममध्ये एकटीच हसत बसले होते. पण आमच्या घरात एक नियम आहे: कुणीही गाडी घेवो, अण्णांनी तिचं इंजिन ऐकल्याशिवाय घ्यायची नाही. चुलत्याची जीप, मामाचा ट्रॅक्टर, सगळं अण्णांच्या कानाखालून गेलेलं. मी शब्द दिला, "अण्णा, तुम्ही नको म्हणालात तर रिकाम्या हातानं परत येऊ."

"बघ बरं बाई," अण्णा म्हणाले. "मंग रडायचं न्हाई."

सकाळी सहाच्या एसटीनं नांदेड सोडलं. माझ्या पर्समध्ये गाडीतले बिघाड दाखवणारा स्कॅनर होता. अण्णांच्या पिशवीत लांब दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर, धुतलेला पांढरा रुमाल आणि केळीच्या दोन फण्या. अण्णा कायम पुढच्या सीटवर बसतात आणि चालकाच्या पायांकडे बघतात. माळाकोळीच्या पुढे हळूच म्हणाले, "क्लच जाळून राहिला बिचारा." अहमदपूरच्या स्टँडवर चहा झाला. चाकूरपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीन पिवळं पडत आलेलं, आणि मला जे पिवळं दिसेल ती माझी गाडीच वाटायला लागली. कारण ती पिवळी होती.

दहाच्या सुमारास लातूरला औसा रोडच्या एका बंगल्यासमोर रिक्षातून उतरलो. मालक बिरादार सर, फिजिक्सच्या क्लासेसचे. मोठा माणूस, गुडघे गेलेले. "म्याडम, बसताना बसतो हो मी," ते म्हणाले, "उठायला मात्र दोन विद्यार्थी लागतेत. म्हणून विकायलो."

त्यांनी कव्हर ओढलं आणि मी, दोनशे पोरांना गप्प बसवणारी बाई, "अय्यो!" म्हणून ओरडले. एवढी पिवळी वस्तू मी वखारीबाहेर पाहिली नव्हती. स्कॅनर जोडला. एकही बिघाड नाही. मी विजयी चेहऱ्यानं अण्णांकडे पाहिलं.

अण्णांनी फक्त बॉनेटवर तळहात ठेवला, आणि काढला.

"गरम हाय."

"हो, हो," सर खुशीत म्हणाले. "तुम्ही येणार म्हणून अर्धा तास चालू करून ठेवली. पाहुण्यांसमोर थंड गाडी कशी ठेवायची?"

ट्रकवाल्यांच्या दुनियेत एकच गोष्ट पक्की: विकणाऱ्यानं इंजिन आधीच गरम केलं, म्हणजे काहीतरी लपवून राहिला. थंड इंजिन पहिल्या सेकंदाला खरं बोलतं. खडखड, निळा धूर, जे काय असेल ते तेव्हाच. गरम झालं की सगळे आजार झाकले जातात.

"चल बाई," अण्णा पिशवी उचलत म्हणाले. "जाऊ."

"अण्णा, त्यांनी मानपान म्हणून केलंय! चहा गरम करतात तसं!"

"चहाला कॉम्प्रेशन नसतंय."

सरांचा चेहरा पडला. आयुष्यभर फिजिक्स शिकवलेला माणूस, पण हे त्यांना ठाऊक नव्हतं. मी अण्णांच्या पिशवीचा दुसरा बंद धरून ठेवला. "ठीक आहे," म्हटलं, "थंड होईपर्यंत थांबू. मग तुम्ही म्हणाल तसं."

अण्णांनी बॉनेटकडे पाहिलं, उन्हाकडे पाहिलं. "सावलीत लावा. चार तास. किल्ली माझ्याकडं."

सरांनी निमूट किल्ली दिली.

ते चार तास मी जन्मात विसरणार नाही. आधी गंजगोलाईत गेलो. मधोमध गोल इमारत आणि चोहीकडे फुटलेले रस्ते; मी भांबावल्यासारखी एकाच रस्त्यानं तीनदा बाहेर पडले. अण्णांनी मायसाठी बांगड्या घेतल्या. एका गाड्यावर निलंगा राईस (मसाल्याचा झणझणीत भात) पाहून थांबले, पण अण्णा म्हणाले, "सरांकडं जेवायला सांगितलंय, भूक मोडू नको." ज्याच्यावर संशय, त्याच्याकडं जेवण मात्र नक्की!

आणि जेवण होतंच तसं. सरांच्या बायको कर्नाटकातल्या भालकीकडच्या. त्या प्रत्येक भाकरीबरोबर "ऊटा माडरी, ऊटा माडरी" (जेवा, जेवा) म्हणत होत्या. येसर आमटी (भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या पिठाची), शेंगांची चटणी, तव्यावरची भाकरी. मला घास उतरत नव्हता. दर दहा मिनिटांनी हात धुण्याच्या निमित्तानं अंगणात जाऊन मी बॉनेटला हात लावून यायचे. चौथ्या वेळी सरही तिथंच हात लावून उभे होते.

"म्याडम," ते हळूच म्हणाले, "तुमचे वडील नापास तर नाही ना करणार?"

"सर, मलाच अजून कधी पास म्हणाले नाहीत."

दोन वाजून गेल्यावर अण्णा उठले. तळहात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग पांढरा रुमाल घडी करून सायलेन्सरच्या तोंडाशी धरायला मला बसवलं. बॉनेट उघडून इंजिनाच्या अंगाला स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवून मूठ स्वतःच्या कानाला लावली आणि सरांना किल्ली देऊन म्हणाले, "मारा."

गाडी एका दमात उठली. असा खर्जातला आवाज की कठड्यावरची कबुतरं उडाली. मी श्वास रोखून रुमाल धरलेला. निळा धूर नाही. अण्णांनी डोळे मिटले होते. टोक इकडे, टोक तिकडे. माझ्या वर्गातली तोंडी परीक्षा पाच मिनिटांत संपते, ही संपेना. शेवटी त्यांनी रुमाल मागितला, उजेडात धरला. पाण्याचे चार थेंब. तेलाचा डाग नव्हता.

"सर," अण्णा म्हणाले, "मी तुमच्यावर उगं शंका घेतली. लई जपलंय तुमी लेकराला." मग माझ्याकडे वळले. "घे."

मी सरांच्या बायकोला मिठी मारली, त्यांची-माझी ओळख चार तासांची. सह्या झाल्या, बँकेचा व्यवहार झाला. सरांनी गाडीला हळद-कुंकू लावलं आणि पाठ फिरवून डोळे पुसले.

आता प्रश्न बसण्याचा. अण्णा डाव्या दारापाशी उभे. "ह्याच्यात बसायचं का निजायचं?" एक पाय आत, मग डोकं, मग उरलेले अण्णा.

अहमदपूरकडच्या मोकळ्या रस्त्याला लागल्यावर मी पाय थोडा, अगदी थोडाच दाबला. पाठ सीटला चिकटली, झाडं मागं पळाली.

"अगं अगं अगं अगं!" अण्णांनी दोन्ही हात पुढं टेकवले. मी घाबरून वेग कमी केला. मग समोर बघतच ते म्हणाले, "फिरून एकदा दाब बरं."

दाबला. साठी ओलांडलेला माझा बाप लहान पोरासारखा खिदळला. तीस वर्षं त्यांनी गाडी चढावर कशी चढेल याचाच विचार केला होता. ही चढ खाऊन टाकत होती.

स्पीड ब्रेकरनं मात्र आमची जिरवली. गाडीचं पोट जमिनीपासून चार बोटं. प्रत्येक गतिरोधकाला अण्णा उतरायचे, पुढं जाऊन वाकायचे आणि ट्रकचा क्लीनर करतो तसं हात हलवायचे, "येऊंद्या, येऊंद्या, तिरपी घ्या, बस्स!" ड्रायव्हर होण्याआधी ते क्लीनरच होते. लोह्याच्या अलीकडे एका उंच गतिरोधकावर गाडी अडकलीच. पंक्चरवाले एक सलीमभाई पळत आले.

"या अल्ला, ये तो जमीन पे लेटी है!" त्यांनी दोन फळ्या आणल्या. फळ्यांवरून गाडी अलगद उतरली. "चचा, किसकी गाडी है?"

अण्णा नेहमीच्या सवयीनं चटकन म्हणाले, "ह्या म्याडमची."

मी सलीमभाईंना केळीची एक फणी दिली. दुसरी सरांकडे राहिली होती.

गोदावरीच्या पुलावर ऊन उतरलं होतं. नांदेड मागं टाकून अर्धापुरात शिरलो. वखारीपाशी मी वेग अगदी कमी केला. तिथं अण्णांच्या बरोबरीचे एक जुने ड्रायव्हर बाजेवर बसलेले. ते उठून उभेच राहिले.

"काय ड्रायव्हर! अन् तुमी ह्या बाजूला? कोणाची गाडी?"

अण्णांनी काच पूर्ण खाली केली. माझ्याकडे एकदा पाहिलं.

"आमची," ते म्हणाले. "माझ्या लेकीनं घेतलीय. इंजिन मी ऐकलंय."

घरासमोर गाडी थांबली तशी माय भाकरतुकडा ओवाळायला बाहेर आली. तिच्या पदरावर काळे डाग होते. अण्णांनी दार उघडलं आणि खाली उतरून तिला आपल्या जागेवर बसवलं. मग मी तिला वखारीला एक चक्कर मारून आणली.

अण्णांनी आयुष्यात अकरा ट्रक चालवले. आमच्या मालकीची पहिली गाडी ही.