कठड्यावरचे खडे

जगन्नाथकाका रोज सकाळी कठड्यावर खडे मांडायचे. तळ्याच्या बाजूने बोट येऊन थांबली की एक खडा. तिच्यामागे दुसरी आली की त्याच्यामागे दुसरा. बोट लॉकमध्ये शिरली की तिचा खडा खिशात. मागचा खडा पुढच्याआधी खिशात गेला, तर काका चष्मा पुसून पुन्हा बघायचे.

मुलगी प्रीता ऑफिसला गेली की बॉथेल उपनगरातल्या घरात बोलायला कुणी नसे. मग बस बदलत ते सिॲटलच्या या लॉकवर येत. लॉक म्हणजे पाण्याची एक खोली, दोन्ही टोकांना प्रचंड दारं. तळं उंचावर, समुद्र खाली. बोट आत घ्यायची, मागचं दार लावायचं, पाणी सोडत सोडत ती खाली उतरवायची आणि मग पुढचं दार उघडायचं. शंभराहून अधिक वर्षं हे असंच चाललं होतं.

काकांना ते लगेच समजलं. पाटबंधारे खात्यात, कालव्यावरच त्यांची नोकरी झाली होती. पाण्याला दार असलं की त्यामागे कुणाची तरी लबाडी असते, हेही ते तिथेच शिकले होते. कालव्यावर पाळी असते. वरच्याने पाळी मोडली की शेवटच्या गावाची शेतं कोरडी राहतात, आणि दार उघडणारा म्हणतो, मला काही माहीत नाही.

इथे दारापाशी अनिका होती. आईवडील नागपूरचे, ती जन्मली इथेच. बोटींचे दोर झेलून खुंटांना अडकवायची. नोकरी हंगामी होती, कायम होणार की नाही ते हिवाळ्याआधी ठरायचं होतं.

"काका, आज पण? बोअर नाही होत तुम्हाला?"

"तू इंजिनिअर का नाही झालीस?"

"मला बोटी आवडतात ना."

"हं," काका म्हणाले. अमेरिकेत जन्मलेली मराठी मुलगी, आणि दोर ओढते. यात काहीतरी होतंच.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी तिला विचारलं होतं, "हे बांधलं तेव्हा पाणी कुणाचं तोडलं?" ती घाईत होती. "नंतर सांगते." काकांनी ते 'नंतर' लक्षात ठेवलं.

मग एका दुपारी पांढरी प्रवासी बोट सगळ्यांत शेवटी आली आणि सगळ्यांच्या आधी आत गेली. कप्तानाने अनिकाला हात केला. तिनेही हसून हात हलवला. काका तक्रार घेऊन तडक अनिकाच्या सुपरवायझर बाईंकडे गेले.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यांना कठड्यापाशी परत आणलं. काका रोज ज्या फलकाला पाठ लावून उभे राहत, त्यावरच लिहिलं होतं: सरकारी बोटी आधी, मग वेळापत्रकाने चालणाऱ्या प्रवासी बोटी, मग मालवाहू, हौशी बोटी शेवटी. आल्या क्रमाखेरीज पाण्याच्या दारावर दुसरा कुठला न्याय असेल, हे काकांच्या मनातच आलं नव्हतं.

"तरी तक्रार आलीय," बाई म्हणाल्या, "म्हणजे मला तिच्यावर लक्ष ठेवावं लागणार."

दुसऱ्या दिवशी अनिकाने मान वर केली नाही. दोर गुंडाळत राहिली.

"सीरियसली, काका? मला विचारायचं ना. माझा जॉब जाईल, यार."

"कालव्यावर विचारून कुणी खरं सांगत नाही."

"हा तुमचा कालवा नाहीये!"

दोराचा शेवटचा वेढा घालून ती म्हणाली, "तुम्ही विचारलं होतं ना, पाणी कुणाचं? तिकडे दक्षिणेला एक नदी होती, ब्लॅक रिव्हर. तळ्यातूनच निघायची. लॉक सुरू झालं आणि तळं जवळजवळ नऊ फूट उतरलं. नदी सुकली. काठावर इथले मूळचे ड्वामिश लोक राहायचे, तिच्यातल्या माशांवर. त्यांना कुणी विचारलं नाही."

"हे बाकीच्यांना सांगतेस?"

"पर्यटकांच्या प्रत्येक टूरला. कुणाला आवडत नाही. त्यांना दारं बघायची असतात."

काकांनी चष्मा पुसला. दारावरच्या माणसाने शेवटच्या गावाचं नाव आपणहून घेतल्याचं सबंध नोकरीत त्यांनी ऐकलं नव्हतं.

खडे मात्र सुटले नाहीत. आता काका फलकाकडे तोंड करून उभे राहत. प्रवासी बोटीला पांढरा खडा, मालवाहूला काळा, हौशींना जो हाताला लागेल तो. उन्हाळा सरताना सुपरवायझर बाई येऊन त्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या. "काय दिसतंय?"

"तिची चूक शोधतोय, मॅडम. रोज शोधतो. सापडत नाही."

"मग आता थांबणार?"

"छे."

बाई हसल्या. त्यांना असा साक्षीदार दुसरा कुठून मिळणार होता? पानं गळायच्या आत अनिकाची नोकरी कायम झाली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी एका सकाळी कठडा रिकामा राहिला. काका झोपेतच गेले, असं प्रीताने लॉकवर फोन करून कळवलं. आदल्या संध्याकाळी बसकडे निघताना ते कठड्यापाशी थांबले होते. खिशातले खडे काढून त्यांनी कोपऱ्यात नीट ठेवले, मग खाली वाकून हाक मारली, "अनिका, ती निळी होडी मघापासून थांबलीय गं. तिला विसरू नकोस."