शेवटचं ठीक कधी पाहिलं?

लातूरच्या इमर्जन्सी वॉर्डात इतकी वर्षं सिस्टर म्हणून काढली की किस्से आपोआप साठतात. माझे बहुतेक एकाच प्रश्नाचे आहेत. गुठळीनं मेंदूचं रक्त अडलं, म्हणजे लकवा मारला, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. म्हणून पेशंट आला की आम्ही आधी विचारतो, "शेवटचं ठीक कधी पाहिलं?"

*

रेणापूरच्या एका आजोबांसोबत पुण्यात नोकरी करणारा, नुकताच गावी पोचलेला मुलगा आला होता. त्याला विचारलं.

"दसऱ्याला," तो म्हणाला.

सोबतच्या शेजाऱ्यानं सांगितलं, आज सकाळी आठ वाजता आजोबांनीच माझ्याकडं तंबाखू मागितली. तंबाखूमुळे वाचलेला तो आमचा एकमेव पेशंट!

*

एका क्लासमधले बायोलॉजीचे सर मेंदू शिकवत होते. शिकवता शिकवता हात लटकला, तोंड वाकडं झालं, जीभ जड झाली. पोरांना वाटलं, सर लक्षणं करून दाखवतायत. सगळ्यांनी मुकाट्यानं लिहून घेतलं! सर खाली कोसळले तेव्हा कुठे धावपळ झाली.

पण मुद्दा सुरू झाला की समासात वेळ टाकायची, ही सरांचीच शिस्त. आम्ही वेळ विचारली तेव्हा चाकूरच्या एका मुलीनं वही पुढे केली: लकव्याची लक्षणे, ११.२०. सर बरे झाल्यावर त्यांनी ती वही मागवली आणि दोन लक्षणं राहिली म्हणून शेरा मारला.

*

सिद्रामप्पांचं गाव भूकंपात गेलं. ते आणि मावशी, नवरा-बायको तेवढे उरले आणि लातुरात एका क्लाससमोर राहायला आले. तेव्हापासून नवरा छताखाली असला की मावशी ओट्यावरून सारख्या हाक मारायच्या, "अवो, हाय का?" आतून "हाय" आलं की पुन्हा शेंगा फोडायला लागायच्या.

एका दुपारी "हाय" आलं नाही.

मावशींना घड्याळ कळत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, वेळ नक्की कळल्याशिवाय इंजेक्शन देता येणार नाही, मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. मी मावशींना तोच प्रश्न पुन्हा विचारला.

मावशी म्हणाल्या, "दोनची बॅच सुटून पोरी सायकली काढायल्या होत्या तवा हाय म्हनले. पोरी गेल्या, पुन्ना हाक मारली, तर न्हाई."

ती बॅच दोनला सुटायची आणि घड्याळात चार वाजत होते. इंजेक्शन सुरू झालं. मावशी बाहेरच्या बाकावरून हाका मारतच राहिल्या. डॉक्टर वैतागले. मी म्हटलं, मारू द्या.

तासाभरानं आतून जड जिभेनं आवाज आला, "हाय. तू हायस का?"