सकाळी बरी असते

सरांनी हातमोज्याच्या बोटात बर्फ भरला, त्याला गाठ मारली आणि तो माझ्या मिटलेल्या डाव्या पापणीवर ठेवला. ओपीडी संपत आली होती. "दोन मिनिटं. घड्याळ लाव," ते माझ्या ज्युनिअरला म्हणाले.

मी न्यूरॉलॉजीची, म्हणजे मेंदू आणि नसांच्या आजारांची, दुसऱ्या वर्षाची रेसिडेंट. ही चाचणी मीच महिन्यापूर्वी एका आजोबांवर करून त्या ज्युनिअरला शिकवली होती. गार लागून पडलेली पापणी वर आली, तर मायस्थेनिया ग्रॅव्हिसची शंका घ्यायची. दोन मिनिटांनी सरांनी बर्फ काढला. आरसा कुणी दिला नाही. पापणी वर आल्याचं ज्युनिअरच्या चेहऱ्यावरूनच कळलं.

"कधीपासून, वैशाली?"

"तीन आठवडे असतील, सर."

"आणि तू न्यूरॉलॉजी शिकतेस."

रागावून नाही म्हणाले. चष्मा काढून पुसत बसले.

मायस्थेनियात नसेकडून स्नायूला जो निरोप जातो, तो घेण्याच्या जागा आपलीच प्रतिकारशक्ती अडवून टाकते. स्नायू चांगला असतो, नसही चांगली असते. पण वापराल तसा स्नायू थकत जातो. विश्रांती घेतली की पुन्हा चालतो. म्हणून हा आजार सकाळी दिसत नाही, संध्याकाळी दिसतो. हे मी परीक्षेत लिहिलं होतं आणि त्याला चांगले मार्क मिळाले होते.

तीन आठवडे मी काय केलं, तेही सांगते. संध्याकाळच्या राउंडला मला एका सलाइनच्या दोन बाटल्या दिसायच्या. याला डिप्लोपिया म्हणतात, एकाचं दोन दिसणं. मी एक डोळा चोळल्यासारखा करून झाकायचे. मेसमध्ये चपाती चावताना जबडा दमायचा, म्हणून वरण-भातावर आले. रेसिडेंट म्हणजे दमणारच, असं स्वतःला सांगितलं. पेशंटनं हेच सांगितलं असतं तर मी ओळखलं असतं, असं तेव्हा वाटायचं.

चाचण्या दोन दिवसांत झाल्या. आरएनएस, म्हणजे नसेला पुन्हा पुन्हा बारीक शॉक देऊन स्नायू कसा थकतो ते पाहणं. ते मशीन मीच चालवत असे. त्या दिवशी खुर्चीत मी होते आणि पडद्यावरच्या रेषा एकामागून एक बुटक्या होत गेल्या. छातीचा सीटी काढला, कारण या आजारात कधी कधी छातीतल्या थायमस नावाच्या ग्रंथीत गाठ असते. माझ्यात नव्हती. तिथे बाहेरच्या बाकावर मी एकटीच बसले होते. ओळखीचे सगळे समोरून गेले. प्रत्येकानं विचारलं, "अगं, कुणाला घेऊन आलीस?"

स्टेरॉइड सुरू केल्यावर पहिल्या काही दिवसांत हा आजार कधी कधी उलट वाढतो. माझा वाढला. नवव्या दिवशी दुपारी प्यायलेलं पाणी नाकातून आलं. सरांनी एका श्वासात आकडे म्हणायला लावले. श्वासाचे स्नायू किती दमलेत ते त्यावरून कळतं. चाळीसपर्यंत जाणारी मी चौदाला थांबले. तासाभरात मी आमच्याच आयसीयूत होते, तोंडावर दाबानं हवा देणारा मास्क, आणि शिरेतून आयव्हीआयजी, म्हणजे निरोगी लोकांच्या रक्तातून काढलेल्या अँटीबॉडी. पाच दिवस.

त्या पाच दिवसांत मला कुणी वाईट वागवलं नाही. उलट सगळे धावून धावून करत होते. पण मास्कमुळे बोलता येत नव्हतं, पापण्या अर्ध्या मिटलेल्या, चेहऱ्याचे स्नायू ढिले, त्यामुळे हसलेलंही दिसत नव्हतं. माझे सहकारी यायचे, मॉनिटर बघायचे, आकडे लिहायचे, पायाशी उभे राहून माझ्याबद्दल इंग्रजीत बोलायचे आणि जायचे. मला सगळं ऐकू येत होतं. मीही असंच करत आले होते, रोज, कित्येक पलंगांपाशी.

तिथेच मला शमीमबी आठवल्या.

माझा आजार सुरू व्हायच्या दोनेक महिने आधीची गोष्ट. सकाळी दहाची ओपीडी. पस्तिशीची बाई, गेवराईची. माझं गावही गेवराईच, हे कळल्यावर तिला बरं वाटलं. "मंग तुमी आमच्याच हाव की. बायपासला आमचं ट्रकचं गॅरेज हाय," म्हणाली. तक्रार सांगितली ती अशी: "डॉक्टरबाई, सकाळी मी बरी असते. सांजच्याला मान धरवत न्हाई, घास गिळवत न्हाई. घरचे म्हणत्यात, कामाचा कंटाळा हाय." मी तिची ताकद तपासली. सकाळची वेळ. ताकद पूर्ण. बाहेर रांग होती. मी कागदावर फंक्शनल लिहिलं. म्हणजे नसांत दोष नाही, मनाचा ताण. व्हिटॅमिनच्या गोळ्या दिल्या आणि दगदग कमी करा म्हटलं.

तिनं आजाराचं अख्खं वर्णन तीन वाक्यांत केलं होतं. आयसीयूत पडल्या पडल्या मी ती वाक्यं पुन्हा पुन्हा ऐकली. तेव्हा बोलता येत असतं, तरी हे कुणाला सांगितलं नसतं.

सुट्टी देऊन मला घरी पाठवलं. तीन महिने. गेवराईच्या घरात सकाळी मी ठणठणीत दिसायचे. आईला वाटायचं, पोरगी बरी झाली. चार वाजले की पापणी यायची खाली आणि आवाज नाकातून. स्टेरॉइडनं तोंड फुगलं होतं. शेजारच्या बायका बघायला यायच्या, तेव्हा आई आधीच सांगून टाकायची, "डोळ्याला जंतू झालते." मला आत येऊन म्हणायची, "तुझं लग्न व्हायचंय अजून. लोकायला काय सांगत बसू?"

एकदा तिनं भाकरी दुधात कुस्करत विचारलं, "डॉक्टर हाईस आन् तुलाच कावून झालं गं?"

मी वाटी पुढे ओढून घेतली. माझे वडील, अण्णा, शेतावरून आले की माझ्या शेजारी बसायचे आणि पेपर वाचायचे. फोनवर मैत्रिणींचे मेसेज सुरुवातीला रोज यायचे, मग आठवड्यानं. त्यांचा दोष नाही. रेसिडेंटला वेळ कुठला. पण दुपारी खिडकीतून महामार्गावरच्या गाड्या ऐकत बसलं की वाटायचं, आपण जिवंत आहोत हे आईला आणि गोळीच्या अलार्मलाच माहीत आहे.

गोळी म्हणजे पायरिडोस्टिग्मिन. निरोप पोचवणारं रसायन जरा जास्त वेळ टिकवते. दर चार तासांनी. पोटात मुरडा येतो, पण घास गिळता येतो.

पाचव्या आठवड्यात एका सकाळी गोळी घेऊन मी आईला म्हटलं, जरा फिरून येते. बायपासला गॅरेजं बरीच आहेत. तिसऱ्या ठिकाणी शमीमबींचं नाव घेतल्यावर ट्रकखालून एक माणूस बाहेर आला. हात तेलकट. तो त्यांचा नवरा, युसूफभाई. मी कोण ते सांगितलं. तो माझ्या सुजलेल्या तोंडाकडे बघत राहिला. मग आत गेला आणि प्लास्टिकच्या पिशवीतून एक कागद घेऊन आला.

"ह्ये तुमीच लिवलं ना?"

माझं अक्षर. माझी सही.

"त्याच्यानंतर तीन डॉक्टर केले बाई. समदे हाच कागद बघायचे आन् म्हणायचे, मोठ्या दवाखान्यात सांगितलंय ना, मनाचं हाय म्हणून. मी बी तिला बोललो. लई बोललो."

शमीमबी गॅरेजच्या मागच्या खोलीत होत्या, भिंतीला उशी लावून बसलेल्या. हनुवटीखाली हात दिलेला, कारण मान उभी राहत नव्हती. इतक्या वाळल्या होत्या की मी आधी ओळखलंच नाही. सकाळ असूनही आवाज नाकातून येत होता. मी त्यांना माझ्या बोटाकडे वर बघत राहायला सांगितलं. अर्धं मिनिटही झालं नाही आणि दोन्ही पापण्या खाली आल्या. मग एका श्वासात आकडे म्हणायला लावले. अकरा.

घाबरायला वेळ नव्हता. मी युसूफभाईंना सांगितलं, आत्ताच्या आत्ता निघायचं. त्यांनी दुरुस्तीला आलेल्या एका जीपच्या मालकाला फोन लावला. मी सरांना लावला. रस्ता दोन-अडीच तासांचा. मागच्या सीटवर मी शमीमबींना ताठ बसवून धरलं होतं. पाणीसुद्धा द्यायचं नाही, श्वासनलिकेत जाईल, हे मला ठाऊक होतं आणि त्या पाणी मागत होत्या.

वाटेत मी म्हटलं, "चूक माझी झाली. मी तुमचं नीट ऐकलं नाही."

त्या बोलल्या. एकेक शब्द सुटा. "मला वाटाया लागलतं, मी खोटंच बोलते की काय."

माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत. तेव्हा नाही आणि नंतरही नाही. मीही विचारलं नाही.

दवाखान्याच्या दारात सर स्ट्रेचर घेऊन उभे होते. मी त्यांना म्हणाले, "सर, ही माझी चुकलेली पेशंट आहे. आणि ओपीडीचा कागद माझा आहे." त्यांनी कागद वाचला आणि घडी करून मला परत दिला. "पुढच्या बॅचला मायस्थेनिया तू शिकव," ते म्हणाले. "सुरुवात या कागदापासून कर."

तोवर माझीच गोळीची वेळ टळून गेली होती. मला बोलता येईना. एका नर्सनं मला खुर्चीत बसवून गोळी दिली आणि शमीमबींच्या पलंगाशेजारीच बसू दिलं. त्यांच्या तोंडावर मास्क चढला. त्यांच्या डोळ्यांत काय होतं, हे तिथे फक्त मलाच वाचता येत होतं. मी मॉनिटरकडे पाठ करून त्यांचा हात धरून बसले. आत्ता काय करताहेत, पुढे काय करतील, हे ज्या बोलीत त्यांना कळेल त्या बोलीत, आवाज पुरेल तितकं सांगत राहिले.

त्या सतरा दिवसांनी घरी आल्या. सीटीत त्यांच्या थायमसमध्ये गाठ निघाली होती. पुढे तिचं ऑपरेशन झालं, आता त्या ठीक आहेत.

आता मी पुन्हा कामावर आहे. सरांनी माझ्या ड्युट्या सकाळच्या लावल्या. काही जणांना ते आवडलं नाही आणि त्यांनी तसं सांगितलं. कोर्स सहा महिने लांबला. आईनं शेवटी माझ्या मावशीला खरं सांगितलं, एवढी प्रगती आहे. पेशंट तपासताना मी आता आधी विचारते, दिवसातून कधी जास्त होतं? आणि उत्तर संपेपर्यंत पेन उचलत नाही. रांग तशीच असते.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाचं दुखणं डॉक्टरासमोर नेमकं नाहीसं होत असेल, तर ते खोटं आहे असं समजू नका. संध्याकाळचा व्हिडिओ काढून ठेवा आणि दाखवा. एकानं ऐकलं नाही तर दुसऱ्याकडे जा. न ऐकणारी मीही असू शकते.

एकटेपणा गेला का, असं विचाराल तर पूर्ण नाही. निरोगी माणसाला संध्याकाळी घास जड होणं समजावून सांगता येत नाही, मी सोडून दिलंय. पण शमीमबींना सांगावं लागत नाही. दिवस मावळताना आम्हा दोघींचा आवाज बसतो, फोनवर बोलणं जमत नाही, म्हणून आम्ही मिस्ड कॉल देतो. एक म्हणजे जेवण गिळलं, बरं आहे. मी देते, त्या देतात. परवा मी वॉर्डात अडकले आणि माझा द्यायचा राहून गेला. खोलीवर येऊन फोन बघितला तर त्यांचे अकरा होते.