गोंडा मेला नाही

बायकोच्या तेराव्याला आमच्या सिल्व्हर पार्कच्या घरात पानं मांडली होती, तेवढ्यात शोभेच्या माशांचा दुकानदार आला. चपला काढल्या, तिच्या फोटोला हात जोडले आणि सरळ काचेच्या टाकीकडे वळला. काचेला नाक लावून म्हणाला, "अंकल, आंटी गई. अब ये टँक आपसे नहीं होगा. गोंडा मेरे को दे दो, इधर मर जाएगा."

सगळ्या पाहुण्यांनी ऐकलं. माझ्या मेहुण्याने तर मान हलवली, म्हणजे त्यालाही ते पटलं. मी हातातलं भाताचं पातेलं खाली ठेवलं. म्हटलं, "जेवून जा. पण गोंड्याचं नाव परत काढलंस तर पानावरून उठवीन."

तो जेवला, पोटभर जेवला. त्या दिवशी मी ठरवलं, याला एक दिवस खाली मान घालायला लावायची. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. मला जपून ठेवता येतं ते फक्त भांडण.

टाकी आमच्याकडे कशी आली ते सांगतो. माझी बायको वरसावेला एका बंगल्यात धुणीभांडी करायची. तिथे समुद्राच्या पाण्याची टाकी होती, आत मासे आणि जिवंत पोवळी. बंगल्याच्या बाईंना त्या पाण्यात हात घालायची किळस यायची, म्हणून ते काम हिच्यावर पडलं आणि ही ते शिकली. इथल्या नगरपालिकेची महानगरपालिका झाली त्या सुमारास बंगलेवाले दुबईला गेले. जाताना टाकी हिला देऊन गेले. मी जन्मभर भाईंदरच्या गाळ्यात स्टीलच्या भांड्यांना पॉलिश मारलं, मला त्यातलं काय कळणार? मी पाण्याचे कॅन उचलायचो, बाकी सगळं तीच करायची.

गोंडा म्हणजे त्यातलं एक पोवळं. दगडाला धरलेला हिरव्या बोटांचा झुपका, टोकं पिवळी. दिवा लावला की फुलायचा आणि पाण्याबरोबर डुलायचा. नाव तिनेच ठेवलं. आम्हाला मूलबाळ नव्हतं. शेवटच्या आजारपणात तिची खाट मी टाकीसमोर लावली होती. एकदा म्हणाली, "माझ्यामागे याला मरू देऊ नका." इतक्या वर्षांच्या संसारात तिने कधी साडी मागितली नाही. मागितलं ते एवढंच.

आणि ती गेल्यावर दोन महिन्यांत गोंडा आक्रसला. दगडांवर हिरवे केस उगवले. काच सकाळी पुसली तर संध्याकाळी परत हिरवी. गोंड्याची बोटं आत गेली ती बाहेर येईनात.

तिची तपासायची पेटी होती, छोटी कुपी आणि थेंबांच्या दोन बाटल्या. वरचं इंग्रजी मला येत नाही, पण तिने रंग शिकवले होते. पाणी पांढरं राहिलं तर बरं. निळं झालं तर त्यात फॉस्फेट आहे, जितकं गडद तितकं जास्त. फॉस्फेट म्हणजे पाण्यातलं खतच म्हणा. शेवाळ त्यावर माजतं आणि पोवळ्याचं हाड धरत नाही. मी थेंब टाकले. कुपीत दौतीतल्या शाईसारखं निळं झालं.

मला लगेच दुकानदार आठवला. दर आठवड्याला बदलायचं समुद्राचं पाणी त्याच्याच दुकानातून यायचं. गोंडा मागितला, मी दिला नाही, म्हणून आता सडकं पाणी देऊन मारतोय. मला इतकं पटलं की रागाने अंगात जोर आला. तिच्या जाण्यानंतर पहिल्यांदा मला भूक लागली.

जेवायचं निघालंच आहे तर हेही सांगतो. रोज दुपारी मी तिच्या नावाने घास काढायचो. तिला सुका जवळा फार आवडायचा, म्हणून घासावर जवळा असायचाच. पहिले काही दिवस घास खिडकीत ठेवला, तर सोसायटीचा सेक्रेटरी वर आला. "काका, कावळे बोलवू नका हो. खालच्यांचे कपडे घाण होतात." मग मी घासातला जवळा चिमूटभर टाकीत टाकायला लागलो. मासे तुटून पडायचे. मला वाटायचं, पोचला तिला. चिमटीची मूठ कधी झाली ते कळलंही नाही.

मी रविवार निवडला. दुकानात पोराबाळांना घेऊन आलेली गिऱ्हाइकं होती, मला तेच हवं होतं. पेटी गल्ल्यावर आपटली आणि म्हणालो, "तेरे कॅन का पानी निकाल. सबके सामने टेस्ट करते हैं."

"अंकल, चाय पियो पहले."

"चाय गई भाड में. निकाल."

त्याने काढलं. मी थेंब टाकले, कुपी हलवली, वर धरली. सगळे बघत होते. पाणी पांढरं ते पांढरंच. मी आणखी हलवली. पांढरं.

"अब आपका निकालो," तो म्हणाला.

टाकीतलं पाणी मी बाटलीत नेलंच होतं, त्याच्या तोंडावर मारायला. ते निळंशार झालं. मागून एक बाई हसली, "काका, नीळ टाकली का कपड्याची?" दुकानदार हसला नाही. तो हसला असता तर बरं झालं असतं. त्याने विचारलं, "खाना क्या डालते हो?"

"तेरे बाप का क्या जाता है?" एवढं बोलून मी पेटी उचलली आणि बाहेर पडलो.

घरी येऊन चहा टाकला. गाळणी हातात घेतली आणि तसाच उभा राहिलो. ही गाळणी चहाची नव्हती. टाकीच्या बाजूच्या खिळ्याला लटकायची. मासळी बाजारातून ओली करंदी, म्हणजे बारीक कोळंबी, आणली की बायको टाकीतल्या माशांपुरती गाळणीत घ्यायची, नळाखाली दोनदा धुवायची, पाणी मोरीत सोडायची आणि मोजून चार-पाच टाकीत टाकायची. मी ओरडायचो, "माशांना कसली आलीय आंघोळ?" ती म्हणायची, "तुम्ही कॅन उचला." सुका जवळा तर तिने टाकीजवळ कधी नेलाच नव्हता. ती गेल्यावर मी ती गाळणी खिळ्यावरून काढून चहाला घेतली होती.

दुकानदाराच्याच कॅनमधलं वाटीभर पाणी घेतलं, त्यात मूठभर जवळा टाकला. तासाभराने तपासलं. एवढा गडद निळा मी कधी पाहिला नव्हता.

म्हणजे मारेकरी मी होतो. रोज दुपारी, तिचंच नाव घेऊन.

घास बंद केला. बोलायला सोपं आहे. चार दिवस मी जेवायलाच बसलो नाही, उभ्याने खाल्लं. मग कामाला लागलो. जुन्या टूथब्रशने दगड घासले, नळीने तळातला गाळ ओढला. फॉस्फेट शोषणारे गंजासारखे तांबूस दाणे मिळतात, ते दुकानदाराकडेही होते. पण त्याच्याकडून पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही ठरवलं होतं, म्हणून कुर्ल्याला जाऊन आणले आणि स्वच्छ मोज्यात भरून पाण्याच्या धारेत टांगले. थोडेच टाकले, कारण फॉस्फेट एकदम उतरवलं तर पोवळं दगावतं. जवळा कितीतरी दिवस दगडांत मुरला होता. मी पाणी बदलायचो, दोन दिवस बरं दिसायचं, की दगड परत फॉस्फेट सोडायचे. दर रविवारी कुपी उजेडात धरायची आणि दुकानदाराला एक शिवी द्यायची. चूक माझी होती हे मला माहीत होतं. पण शिवी दिली की हात चालायचे.

निळा उतरत उतरत फिका झाला. एका सकाळी गोंड्याचं एक बोट बाहेर आलं. वर्षश्राद्ध आलं तेव्हा तो पुरा फुलला होता आणि बुडाशी दुसरं छोटं तोंड फुटलं होतं.

वर्षश्राद्धाला मी दुकानदाराला मुद्दाम बोलावलं. त्याचं पान बरोबर टाकीसमोर मांडलं. वडे वाढले, काळ्या वाटाण्याचं सांबार वाढलं. तो जेवायचं सोडून बघतच राहिला.

"अंकल, ये तो डबल हो गया."

"मर जाएगा बोला था ना तू? तेराव्याला. सबके सामने." मी मेहुण्यालाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने बोललो. हाच घास वर्षभर तोंडात धरून बसलो होतो मी.

त्याने खरंच मान खाली घातली. मग हळूच म्हणाला, "मैंने अपने मन से नहीं मांगा था. आंटी ने बोला था. हॉस्पिटल जाने से पहले दुकान पे आई थी. बोली, इनसे नहीं होगा, बाद में तू ले जाना."

"झूठ."

"आंटी की कसम."

मी त्याला आणखी दोन वडे वाढले. दुसरं काय करणार? जाताना त्याने नवीन फुटलेला तुकडा मागितला, छोटासा. नाही म्हणालो. मी असेपर्यंत त्याला तुकडा मिळणार नाही.

गाळणी आता परत खिळ्याला आहे. घास खिडकीत ठेवतो, सेक्रेटरीला काय ओरडायचं ते ओरडू दे. आता माझं भांडण दुकानदाराशी राहिलेलं नाही. इनसे नहीं होगा, म्हणे. मला एका शब्दाने न सांगता दुकानात जाऊन सांगून आली. रोज सकाळी दिवा लावला की गोंडा उघडतो. मग मी तिचा फोटो भिंतीवरून काढतो, टाकीच्या काचेला टेकवून उभा करतो आणि म्हणतो, "बघ. नीट बघ."